घुमटाखालचा जिना आणि फलाटावरचा जिना

मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्याला आपण हमखास ज्या दोन-चार ठिकाणी नेतो, त्यात व्हीटीचे स्थानक असतेच. नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द आला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून व्हीटीच आहे. पाहुणा महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि मान वर करून पाहत राहतो. तो भव्य घुमट, घुमटाच्या माथ्यावर एका हातात मशाल नि दुसऱ्या हातात चाक घेऊन उभी असलेली ‘प्रगती’ची मूर्ती, फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, कमानींतून डोकावणारे मोर आणि माकडे. पाहुणा फोटो काढतो. त्याच वेळी त्याच्या मागून, भुयारी मार्गातून, कल्याण-डोंबिवलीहून आलेली माणसे घाईघाईने वर येत असतात. त्यांच्यातला एकही जण मान वर करत नाही. त्यांची नजर पायाखाली असते, कारण पुढच्या माणसाच्या टाचेवर पाय पडला तर दोघेही पडतील, हे त्यांना ठाऊक असते.

या दोघांपैकी खरे स्थानक कोण पाहतो?

प्रश्न वरवर गमतीचा वाटेल. पण या स्थानकाच्या पुनर्विकासाचे काम हाती घेण्यात आले आहे आणि त्यावर सुमारे २,४५० कोटी रुपये खर्च व्हायचे आहेत. अशा वेळी स्थानक म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवायला हवे. ते ठरवण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बोऱ्यांचे बंदर

या जागेचे मूळ नाव बोरीबंदर. मालाच्या बोऱ्या येथे उतरत म्हणून ते नाव पडले असे कोणी म्हणतात, तर कोणी बोरीच्या झाडांकडे बोट दाखवतात. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास येथून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली. चौदा डबे, त्यांत सुमारे चारशे निमंत्रित, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने आणि वर एकवीस तोफांची सलामी. एकवीस मैलांच्या या प्रवासाचे कौतुक आपण पाठ्यपुस्तकांतून वाचलेलेच आहे.

पाठ्यपुस्तकात सहसा नसते ती गोष्ट पैशाची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही इंग्लंडमध्ये स्थापन झालेली खाजगी कंपनी होती. तिच्या भागधारकांना गुंतवणुकीवर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. गाडी रिकामी धावो की भरून, नफा होवो की तोटा, पाच टक्के ठरलेले. आणि तूट आली तर ती भरून निघणार होती हिंदुस्थानच्या तिजोरीतून. जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या एतद्देशीय धुरीणांनी रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट केली होती आणि नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यातली जागाही कचेरीसाठी दिली, हे खरेच. पण लंडनच्या गुंतवणूकदाराची नजर माणसांपेक्षा मालावर होती. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बंदराला आणि बंदरातला विलायती माल आतल्या मुलखात, हा त्याचा हिशेब. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रेल्वेने ओलांडला आणि तो हिशेब जमला. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई कलकत्त्याला जोडली गेली. त्याआधी वर्षभरच सुएझचा कालवा खुला झाला होता. मुंबई आता खऱ्या अर्थाने हिंदुस्थानचे प्रवेशद्वार झाली होती आणि या दाराला शोभेल अशी वास्तू कंपनीला हवी होती.

प्रवाशाच्या वाट्याला ओसरी

वास्तूचे काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या सरकारी बांधकाम खात्यातल्या वास्तुविशारदाकडे आले. युरोपातली स्थानके पाहून त्याने आराखडा केला. १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि १८८८ मध्ये संपले. मधल्या काळात, १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून तिचे नाव इमारतीला देण्यात आले. खर्च आला सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. गॉथिक कमानी, इटालियन संगमरवर आणि आपल्याकडचा कुर्ल्याचा दगड, त्यावर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली पाने, फुले, पक्षी. भिंतीवर कंपनीच्या धुरीणांचे मुखवटे आहेत आणि त्यांत शंकरशेट व जीजीभॉयही आहेत. दर्शनी भागावर निरनिराळ्या पागोट्यांचे चेहरे कोरून तत्कालीन मुंबईतल्या जातीजमातींनाही जागा दिलेली आहे. विलायती आराखडा आणि देशी हात यांचा असा मिलाफ दुसरीकडे क्वचितच सापडेल. २००४ मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते योग्यच झाले.

पण या इमारतीत एक मौज आहे. तो प्रसिद्ध घुमट नेमका कशावर आहे? तिकीटघरावर नाही, प्रतीक्षालयावर नाही, फलाटावर तर नाहीच. घुमट आहे एका जिन्यावर. खालून वर पाहिले की रंगीत काचांतून उजेड झिरपतो आणि भिंतीतून पुढे आलेल्या दगडी पायऱ्या जणू आधाराशिवाय वळत वर जातात. प्रशस्त, देखणा जिना. मात्र हा जिना प्रवाशांसाठी नव्हता आणि आजही नाही. तो कंपनीच्या कचेरीत जाण्याचा जिना होता. आज त्या कचेरीत मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. मुंबईत जन्म काढलेल्या आणि पन्नास वर्षे पास काढलेल्या माणसानेही तो पाहिलेला असेलच असे नाही.

म्हणजे आपण ज्याला स्थानक म्हणून मिरवतो, ते मुळात कंपनीचे कार्यालय आहे. गाड्या आणि माणसे त्याच्या बाजूला आणि मागे. उत्तरेकडच्या भागातले तारांकित छताचे तिकीटघर हा प्रवाशाच्या वाट्याला आलेला एक सुरेख तुकडा. बाकी सारा थाट साहेबाचा. वाडा मालकाचा आणि ओसरी आल्यागेल्याची, अशी ही रचना. त्या काळाला ती धरूनच होती. प्रश्न एवढाच, की मालक बदलल्यावर रचनेमागचा विचार बदलला का?

ओसरी भरत गेली

ओसरीवर माणसे वाढत गेली. सातारा-पुण्याकडचा घाटी माणूस गिरणीत जाण्यासाठी आगगाडीने मुंबईत उतरू लागला. कोकणातला चाकरमानी मात्र दीर्घकाळ बोटीने येत राहिला. त्याच्या गावाला रेल्वे पोहोचायला १९९८ साल उजाडावे लागले. आता गणपतीच्या दिवसांत सीएसएमटीच्या फलाटावर अंथरूण टाकून बसलेली कुटुंबे पाहिली की वाटते, त्याने दीडशे वर्षांचा अनुशेष भरून काढायचे ठरवले आहे.

खरा बदल घडला ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. देशातली पहिली विजेवरची गाडी याच स्थानकातून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. आगगाडी ही गावाला जाण्याची वस्तू होती. विजेच्या गाडीने तिला रोजच्या कामावर जाण्याची वस्तू केले. विजेची गाडी झटकन वेग घेते, झटकन थांबते आणि शेवटच्या स्थानकात इंजिन पुढून मागे न्यायची खटपट तिला नसते. त्यामुळे एकामागून एक गाड्या सोडता येऊ लागल्या. माणूस कामाच्या जागेपासून दहा, वीस, पुढे पन्नास मैल दूर राहू लागला. दादर-माटुंग्याच्या वसाहती, मग मुलुंड-ठाणे, मग डोंबिवली, मग बदलापूर-टिटवाळा. या साऱ्या वस्त्या म्हणजे लोकलच्या फांद्यांवर लागलेली फळे.

१९२९ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बाजूला नवी इमारत झाली. आज स्थानकात अठरा फलाट आहेत. सात लोकलचे, अकरा मेल-एक्स्प्रेसचे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने रोज सत्तर लाखांच्या घरात माणसे प्रवास करतात. ऐन गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये साडेचार हजारांहून अधिक माणसे असतात. डबे वाढले, फेऱ्या वाढल्या. वाढला नाही तो फलाटाच्या टोकाचा जिना.

जिन्यावर काय घडते

२९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन रोड स्थानक. सकाळची वेळ, अचानक आलेला जोराचा पाऊस. पुलावरची माणसे खाली उतरायला तयार नाहीत आणि खालून एकामागून एक लोकलमधून उतरलेली माणसे वर चढत आहेत. त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. गिरण्या जाऊन तेथे कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, गर्दीची जात आणि आकार दोन्ही बदलले, पण पूल गिरणीच्या काळातलाच राहिला. नवा पूल कागदावर मंजूर होता. दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि लष्कराने फेब्रुवारी २०१८ पर्यंत तेथे, करी रोडला व आंबिवलीला पूल उभे केले. जे काम वर्षानुवर्षे होत नव्हते ते काही महिन्यांत झाले. म्हणजे अडचण लोखंडाची नव्हती आणि पैशाचीही नव्हती. त्याच वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले.

३ जुलै २०१८. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९. खुद्द सीएसएमटीच्या बाहेरचा, टाइम्स ऑफ इंडियाच्या इमारतीजवळचा पादचारी पूल ऐन संध्याकाळी गर्दीच्या वेळी कोसळला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. या पुलाची तपासणी त्याआधी थोड्याच महिन्यांपूर्वी झालेली होती. दुर्घटनेनंतर पहिले काही तास चर्चा कसली, तर पूल रेल्वेचा की महापालिकेचा! जागतिक वारशाच्या घुमटापासून हाकेच्या अंतरावर हे घडले. घुमट सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे, कारण त्याचा मालक कोण हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसे एकमेकांना घासली आणि रुळांवर फेकली गेली. चौघे त्याच दिवशी गेले. लगेच स्वयंचलित दारांच्या लोकलची घोषणा झाली. पण दारात लटकणारा माणूस हौसेने लटकत नाही. आत पाय ठेवायला जागा नसते म्हणून तो बाहेर राहतो. दार बंद झाले, की तो फलाटावर राहील आणि मग प्रश्न पुन्हा फलाटाच्या रुंदीचा आणि जिन्याचाच होईल.

या बातम्या मोठ्या झाल्या, कारण माणसे एका जागी एका वेळी गेली. एकेकटी जाणारी माणसे बातमीत येत नाहीत. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांबाला आपटून अशी मुंबईच्या उपनगरी मार्गावर २०२३ आणि २०२४ या प्रत्येक वर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसे गेली. दिवसाला सरासरी सहा-सात. पूर्वीपेक्षा हा आकडा कमी झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. सरकते जिने आले, रुळांच्या कडेला भिंती झाल्या, फलाटांची उंची वाढली. आणि उंची वाढण्यासाठीही २०१४ मध्ये घाटकोपरला एका तरुण मुलीला दोन्ही हात गमवावे लागले, उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. पण एखाद्या शहराला कामावर जाण्याची किंमत म्हणून दिवसाला सहा माणसे द्यावी लागत असतील, तर त्या शहराने आपल्या स्थानकाच्या घुमटाचा अभिमान जरा बेतानेच बाळगावा.

२,४५० कोटींचे काय करायचे?

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि मुंबईचे सीएसएमटी या तीन स्थानकांच्या पुनर्विकासाला सुमारे दहा हजार कोटींची मंजुरी दिली. २०२३ मध्ये सीएसएमटीचे कंत्राट दिले गेले. फलाटांच्या वर प्रशस्त छत, त्यावर खाद्यपदार्थांची दालने आणि बसण्याची जागा, वाहनतळ, उद्वाहने, लोकलच्या नि लांब पल्ल्याच्या प्रवाशांच्या वाटा वेगळ्या, आणि मूळ वास्तूची डागडुजी, असे त्याचे स्वरूप आहे.

यातले काहीही वाईट नाही. वारसा जपायलाच हवा. वृद्धांना उद्वाहन हवे, बाईमाणसाला स्वच्छ स्वच्छतागृह हवे, रात्रीच्या गाडीसाठी लवकर आलेल्या कुटुंबाला टेकायला जागा हवी. गावची माणसे वर्तमानपत्राचा कागद पसरून जमिनीवर बसतात, हे दृश्य कोणालाही भूषणावह नाही. वाटा वेगळ्या करण्याची कल्पना तर उत्तमच. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही येथपर्यंत आली आहे, म्हणजे येण्याजाण्याचा आणखी एक ओघ जोडला गेला.

प्रश्न आहे तो क्रमाचा. सीएसएमटी हे शेवटचे स्थानक. येथे गाडी थांबते, रिकामी होते, माणसे सपाट फलाटावरून चालत बाहेर पडतात. जिने चढण्याची जीवघेणी वेळ येथे तुलनेने कमी येते. ती येते दादरला, कुर्ल्याला, घाटकोपरला, ठाण्याला, दिव्याला, डोंबिवलीला. शहराचा कामाचा पत्ताही बदलला आहे. एकेकाळी सारी मुंबई सकाळी फोर्टकडे धावत असे. आता निम्मी गर्दी वांद्रे-कुर्ला संकुल, परळ, अंधेरी, ऐरोली अशी फुटते आणि मधल्या स्थानकांत उतरते, गाडी बदलते, पूल चढते. देखणेपण टोकाला आणि दाटी मध्यावर, असे हे गणित आहे. पैसा देखणेपणाकडे आधी वळतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. जिना चार फुटांनी रुंद झाला तर फीत कुठे कापणार?

दुसरे उदाहरण रुळांचे. लोकल आणि मेलगाड्या वेगळ्या धावाव्यात म्हणून ठाणे-दिवा पट्ट्यात पाचवी-सहावी मार्गिका टाकायचे ठरले आणि ती पूर्ण व्हायला २०२२ साल उजाडले. दशकाहून अधिक काळ गेला. कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंतची पाचवी-सहावी मार्गिका अजूनही पूर्ण नाही. म्हणजे फलाटावर प्रवाशांच्या वाटा वेगळ्या होतील, पण त्यांच्या गाड्या रुळांवर एकमेकींची वाट अडवतच राहतील.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक स्थानकाच्या आराखड्याबरोबर एक साधा आकडा प्रसिद्ध व्हावा: ऐन गर्दीत दोन लोकल एकदम आल्या, तर शेवटचा माणूस फलाटावरून रस्त्यावर पोहोचायला किती मिनिटे लागतील? आज किती लागतात आणि काम झाल्यावर किती लागतील? घुमटाची उंची सगळ्यांना सांगता येते. जिन्याची रुंदी कोणी विचारत नाही. आणि प्रत्येक पुलावर, तो कोणाचा आहे आणि त्याची शेवटची तपासणी कधी झाली, ही एक पाटी. एवढ्याने माणसे वाचणार नाहीत कदाचित; पण दुर्घटनेनंतर ‘पूल कोणाचा’ हा वाद तरी व्हायचा नाही.

रयतेचे स्थानक

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच स्थानकात ५८ माणसे दहशतवाद्यांच्या गोळ्यांना बळी पडली. मारले गेले ते बहुतेक सामान्य प्रवासी होते, लांबच्या गाडीची वाट पाहत बसलेले. त्या रात्री उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीतून सतत सूचना देत राहिले, माणसांना कोणत्या बाजूने बाहेर पडा ते सांगत राहिले आणि त्यामुळे कित्येकांचे प्राण वाचले. दुसऱ्या दिवशी लोकल धावल्या. आपण त्याला मुंबईची जिद्द म्हटले. पण त्या रात्रीची खरी शिकवण वेगळी आहे. संकटात माणसाला वाचवते ती बाहेर पडण्याची वाट, आणि ती वाट सांगणारा माणूस.

या वास्तूला ज्या राजाचे नाव दिले आहे, तो रयतेच्या भाजीच्या देठाचीही काळजी वाहणारा होता. त्याचे नाव लावण्याने मान मिळतो तसे दायित्वही येते. राणीच्या नावाच्या स्थानकात प्रवासी ओसरीवर राहिला तर नवल नव्हते. रयतेच्या राजाच्या नावाच्या स्थानकात त्याला माजघरात जागा मिळायला हवी.

आणि ते जमते, याचा पुरावा त्याच जुन्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला आहे. १८५३ ची पहिली गाडी जेथे थांबली त्या ठाण्यात, २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन पाच क्रमांकाचा फलाट दोन-तीन मीटरने रुंद करण्यात आला. तीन दिवस लोकांचे हाल झाले, शिव्याशापही झाले. कुठलीही मूर्ती बसली नाही, रोषणाई झाली नाही. पण त्या आठवड्यापासून संध्याकाळी त्या फलाटावर उतरणाऱ्या माणसाला श्वास घ्यायला दोन-तीन मीटर जागा जास्त मिळाली. त्याला कोणी पाहायला जात नाही, पाहुण्यांना कोणी दाखवत नाही. स्थानकाच्या पुनर्विकासाची सुरुवात मात्र तशीच व्हायला हवी.